स्मार्टवॉच की स्पोर्ट्स वॉच? पैसे टाकायच्या आधी एक आठवडा हे करून बघा

नाशिकला गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळचे राऊंड संपवून स्ट्रेचिंगला बसलं की महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी येऊन विचारतंच, ताई घड्याळ घ्यायचंय, कुठलं घेऊ? मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही, आधी विचारते की आठवड्यात काय काय करता, सगळ्यात लांबचं किती वेळ धावता, पावसात बाहेर पडता का, फोन सोबत असतो का. काहींना हे आवडत नाही, त्यांना पटकन नाव हवं असतं. पण दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं महागडं घड्याळ होळीपर्यंत कपाटात गेलेलं मी बघितलंय, आणि कष्टाचे पैसे असतात ते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर आता पटकन ओळखू येत नाहीत. दोन्ही पावलं मोजतात, झोप मोजतात, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवतात. फरक आहे तो ती कुठून आली त्यात. स्पोर्ट्स वॉच मैदानातून आलं, फिनलंडच्या पोलारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी हार्ट रेट दाखवणारं घड्याळ खेळाडूंसाठी काढलं, गार्मिनचं पहिलं फोररनर २००३ मध्ये आलं, हातावर छोटा डबा बांधल्यासारखं दिसायचं पण धावताना अंतर आणि पेस (किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते) दाखवायचं. अ‍ॅपल वॉच २०१५ मध्ये आलं ते फोनचं काम मनगटावर आणायला, खेळ त्यात नंतर वाढत गेला. आज दोघं एकमेकांच्या अंगणात बरेच आत आलेत, तरी बटणं, बॅटरी आणि स्क्रीन या तीन ठिकाणी मूळ अजून दिसतं, आणि धावणाऱ्याचं सायकलवाल्याचं अडतं ते नेमकं इथेच.

आधी वही काढा

घड्याळ बघायच्या आधी एक आठवडा साध्या वहीत लिहा. कुठल्या दिवशी काय केलं, किती वेळ केलं, घाम किती आला, पाऊस होता का, फोन कुठे होता, व्यायामाच्या मध्ये घड्याळाकडे कितीदा आणि कशासाठी बघावंसं वाटलं, आणि व्यायाम नसताना उरलेल्या वेळात मनगटावर काय लागलं, मीटिंगची आठवण की शाळेचा फोन की काहीच नाही. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत आणि तिथेच फसतात. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणारा माणूस दिवसाचे उरलेले तेवीस तास ऑफिसात आणि घरात असतो, त्याला स्मार्टवॉच जास्त उपयोगी पडेल आणि त्यात काहीच कमीपणा नाही. उलट जो कोचचा प्लॅन पाळतो, मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, आळीपाळीने), गुरुवारी टेम्पो (सलग जोरकस वेगात), रविवारी गंगापूर धरणाकडे लॉंग रन, त्याला धावता धावता एका नजरेत आकडा दिसला पाहिजे आणि न बघता बटण दाबता आलं पाहिजे.

आणि काहींना दोन्हीतलं काहीच लागत नाही. ग्राउंडवर अर्धी पोरंपोरी भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, म्हणजे सगळं मोजलेल्या जागेत. पेठकडची एक मुलगी हप्त्यावर घड्याळ घ्यायला निघालेली, वडील कर्ज काढणार होते. तिला म्हटलं थांब, आणि माझं जुनं साधं लॅपवालं, म्हणजे प्रत्येक राऊंडची वेळ वेगळी नोंदवणारं, डिजिटल घड्याळ दिलं. पंचवटीत मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलाच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर तिने दोन राऊंड मारले आणि बॉलपेनने तळहातावर लिहून आणलं, पहिला १:३२, दुसरा १:५१. घामाने शाई पसरलेली पण आकडे दिसत होते. दुसऱ्या राऊंडला १९ सेकंद गेले, म्हणजे सुरुवात फार जोरात होतेय, हे कळायला जीपीएस लागलं नाही. भरतीवाल्यांनो, ते पैसे बुटांना आणि खुराकाला घाला.

बॅटरीचा हिशोब बॉक्सवरून करू नका

नाशिकमध्ये हा विषय जरा जास्तच निघतो कारण इथे सायकलचं वेड मोठं आहे. इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, रेस अक्रॉस अमेरिका, जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये आपल्याच श्रीनिवास गोकुळनाथांनी ती एकट्याने पूर्ण केली, आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. आता बीआरएमची वेळ बघा, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. नेहमीच्या अ‍ॅपल वॉचच्या बॉक्सवर वर्षानुवर्षं १८ तास लिहिलेलं असायचं, पण तो दिवसभराचा मिसळून वापर असतो, त्यात जीपीएस लावून व्यायामाचा वेळ थोडाच धरलेला असतो. सलग जीपीएस चालू ठेवलं की ते १८ तास राहत नाहीत. अ‍ॅपलच्याच अल्ट्रा आणि अल्ट्रा २ ला ३६ तास सांगतात, पण तोही दिवसभराचाच आकडा आहे. गार्मिन फोररनर १६५ ला जीपीएस चालू ठेवून १९ तास सांगतात, कोरोस पेस ३ ला ३८ तास. म्हणजे बॉक्सवरचा आकडा बघताना पहिला प्रश्न हा, की हे तास हातात नुसतं बांधून ठेवल्याचे आहेत की जीपीएस चालू असतानाचे.

माझ्यावर हे बेतलंय म्हणून सांगते. पहिली ३०० ची बीआरएम, धुळ्याच्या बाजूने परत येत होते, हातात स्मार्टवॉच, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक हिशोबाची होती. मालेगाव मागे पडलं, अंधार झाला, राहुड घाटाचा चढ लागला आणि घड्याळ काळं झालं. फोन लाइटसाठी आणि इमर्जन्सीसाठी वाचवून ठेवलेला, तो सारखा काढता येत नव्हता. पुढच्या कंट्रोलला, म्हणजे वाटेत वेळेत हजेरी द्यायच्या ठिकाणी, पोचायला किती वेळ उरलाय, मी किती वेगाने चाललेय, काहीच कळेना. शेजारून ट्रक जातायत आणि मी डोक्यात बेरजा-वजाबाक्या करतेय. वेळेत पोचले, पण तो चढ अजून आठवतो.

तेव्हापासून माझा नियम असा की तुमच्या सगळ्यात लांब इव्हेंटला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट जीपीएस तास घड्याळाला पाहिजेत. दुप्पट यासाठी की या बॅटऱ्या झिजतात, दोन वर्षांनी तो आकडा तोच राहत नाही, शिवाय गाणी लावली, स्क्रीन सतत चालू ठेवली, नकाशा उघडला की तास भराभर कमी होतात. फुल मॅरेथॉन पाच तासांत करणाऱ्याला दहा तास पुरले, त्यामुळे ४२ किलोमीटरसाठी बॅटरी नाही पुरत असं सहसा होत नाही. तिथे अडचण वेगळी आहे. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ बहुतेक लोक रात्री चार्जिंगला लावतात, आणि मग झोप, सकाळचा रेस्टिंग हार्ट रेट, हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) यातलं काहीच मिळत नाही, म्हणजे ज्या फीचरसाठी पैसे दिले तेच बंद. स्मार्टवॉच घेतलंच तर अंघोळ आणि नाश्त्याच्या वेळेत चार्ज करायची सवय लावा, रात्री हातात राहू द्या.

पाऊस, घाम आणि बोट

जुलैमध्ये गंगापूर रोडने सोमेश्वरकडे धावलात तर हे मी सांगायची गरजच नाही. ८०० मीटरचे इंटरव्हल चालू होते, पाऊस तिरका, स्क्रीनवर थेंब पडले की घड्याळाला वाटतं बोट लागलं, पान आपोआप सरकतं, आणि खरं बोट लावलं तर काहीच होत नाही कारण बोटही ओलं. मैत्रिणीचं टचवालं होतं, तिने लॅपसाठी चार वेळा बोट मारलं, पाचव्या वेळी ओढणीने स्क्रीन पुसायला गेली आणि रनच संपवला गेला. माझ्या हातात तेव्हा पाच बटणांचं होतं, उजव्या खालच्या बटणावर अंगठा, दाबलं की मनगटावर थरथर, झालं, बघायचंही नाही. इंटरव्हल करणाऱ्यासाठी माझ्या मते याच्यापुढे बाकी शंभर फीचर मागे.

स्मार्टवॉचमध्ये काहीच सोय नसते असं नाही. अ‍ॅपल वॉचमध्ये गोल क्राउन आणि बाजूचं बटण एकदम दाबलं की वर्कआउट पॉज होतं, अल्ट्राला वेगळं अ‍ॅक्शन बटण दिलंय त्यासाठीच. बऱ्याच घड्याळांत टच लॉक करता येतं. पण लॉक केल्यावर लॅप कसा घेणार ते दुकानातच विचारा, आणि नुसतं विचारू नका, पाण्याची बाटली सोबत न्या, हात ओला करून स्टार्ट, लॅप, पॉज, सेव्ह हे चारही करून बघा. दुकानदार जरा बघतो तुमच्याकडे, बघू द्या.

स्क्रीनचंही थोडक्यात. अ‍ॅमोलेड स्क्रीन फोनसारखी सुंदर दिसते, रात्री वाचायला छान, पण उन्हात दिसण्यासाठी तिला उजेड वाढवावा लागतो आणि बॅटरी जाते. जुन्या धाटणीच्या स्पोर्ट्स वॉचला जी जरा फिकट स्क्रीन असते ती उन्हाचाच उजेड वापरते, मे महिन्यात दुपारी त्र्यंबक रोडला सायकलवर असाल तर ती जास्त स्पष्ट दिसते. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ही स्क्रीन मार खाते म्हणून लोक नाकारतात, तर बाहेर रस्त्यावर आणून बघा. आणि मनगट वळवल्यावर स्क्रीन उजळायला जो अर्धा क्षण लागतो तो चालताना जाणवत नाही, जोरात धावताना जाणवतो.

थंडीत हार्ट रेट खोटं बोलतो

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली की समजायचं, आता मनगटावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो, तो कातडीत प्रकाश सोडतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर किती प्रकाश परत येतो त्यावरून ठोके मोजतो. थंडीत शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, मनगटाच्या शिरा आवळतात, लाट बारीक होते आणि सेन्सर चाचपडतो. अशा वेळी तो एक चूक हमखास करतो, हाताच्या हालचालीलाच ठोका समजतो. जानेवारीतल्या एका पहाटे मी अगदी आरामात धावत होते, शेजारणीशी पूर्ण वाक्यं बोलत होते, आणि घड्याळ दाखवतंय १७२. मिनिटाला पावलं किती ते बघितलं, तीही १७२. म्हणजे ते माझं हृदय मोजतच नव्हतं, पाय मोजत होतं. मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजले, ३४ आले, गुणिले चार म्हणजे १३६.

ही चूक महागड्या घड्याळातही होते, स्मार्ट असो की स्पोर्ट्स, कारण तंत्र तेच आहे. कमी करायचे उपाय आहेत, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, पट्टा धावताना एक घर घट्ट करा, घरातून निघण्याआधी हात गरम करा, पूर्ण बाहीखाली ठेवा. मनगटावर गोंदलेलं असेल तर दुसऱ्या हातावर बांधा, गोंदणाची शाई प्रकाश अडवते. ज्यांचं मनगट व्यायामात सारखं वाकतं त्यांना म्हणजे जिममध्ये वजन उचलणारे, रोइंगवाले यांना हा त्रास बारा महिने.

खरा उपाय म्हणजे छातीचा पट्टा. तो प्रकाशाने नाही, हृदयाच्या विजेच्या संकेतावरून मोजतो, म्हणून इंटरव्हलमध्ये ठोके अचानक वर-खाली होतात तेही वेळेवर पकडतो. माझं ठाम मत आहे की बजेट तोकडं असेल तर महागडं स्मार्टवॉच घेण्यापेक्षा साधं स्पोर्ट्स वॉच आणि वर चांगला पट्टा घ्या. पट्टा ब्लूटूथवर स्मार्टवॉचलाही जोडता येतो. फक्त एक बघायचं, सायकलचे पॉवर मीटर आणि जुने सेन्सर बरेचदा अँट प्लस नावाच्या दुसऱ्या पद्धतीने बोलतात, ती गार्मिनला कळते, अ‍ॅपल वॉचला कळत नाही. तुमच्या सेन्सरला ब्लूटूथ आहे का तेवढं आधी बघून घ्या. आणि पट्टा धावायच्या आधी ओला करायचा, नंतर साध्या पाण्याने धुवायचा, नाहीतर घामाच्या मिठाने लवकर खराब होतो.

जीपीएसवर किती खर्च करायचा

उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, तिथून आलेला संकेत इमारतीवर, कड्यावर आपटून आला की घड्याळाला अंतर जास्त वाटतं आणि नकाशावर तुम्ही शेजारच्या बंगल्यातून धावलेले दिसता. ड्युअल बँडवाली घड्याळं दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर संकेत घेतात म्हणून त्यांना असा परतून आलेला संकेत ओळखता येतो. आता नाशिकचं म्हणाल तर आपल्याकडे मुंबईसारखे टॉवरांचे बोळ नाहीत, बहुतेक रस्त्यांवर आभाळ मोकळं आहे, त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्याला साधं जीपीएस पुरतं असं मला वाटतं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे ट्रेल करत असाल, एका बाजूला कडा आणि पावसाळ्यात दाट झाडी, तर ड्युअल बँडचे पैसे वसूल होतात. तिथे हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सरही बघा, नुसत्या जीपीएसवरून काढलेली उंची डोंगरात बरीच हलते. त्यालाही मर्यादा आहे, पाऊस येण्याआधी हवेचा दाब पडला की घड्याळाला वाटतं आपण वर चढलो, म्हणून पायथ्याशी उंची एकदा सेट करून निघा.

सर्वात मोठी फसवणूक स्वस्त घड्याळांत होते. बॉक्सवर जीपीएस लिहिलेलं असतं पण आत जीपीएस नसतंच, ते फोनचं उधार घेतं. फोन खिशात असला तर ठीक, नसला तर हाताच्या झोक्यावरून अंदाज. ओळखायचं कसं तर सोपं आहे, फोनचं ब्लूटूथ बंद करा किंवा फोन घरी ठेवा, एक किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्याने जाऊन या आणि नंतर नकाशा उमटतो का बघा. नकाशा नाही म्हणजे घड्याळात जीपीएस नाही.

अंतर तपासायला ट्रॅकसारखी जागा नाही, पण ट्रॅकवर पण लोक गडबड करतात. ४०० मीटर फक्त सगळ्यात आतल्या लेनमध्ये असतं, आठव्या लेनमध्ये एक राऊंड साधारण ४५३ मीटरचा होतो. बाहेरच्या लेनमधून दहा राऊंड मारून घड्याळ अर्धा किलोमीटर जास्त दाखवतंय म्हणून तक्रार करणारे मी बघितलेत, घड्याळ बिचारं बरोबर होतं. तसंच मॅरेथॉनचं, ४२.१९५ हे सगळ्यात जवळच्या मार्गाने मोजलेलं असतं, आपण गर्दीतून डावीउजवीकडे करत, पाण्याच्या टेबलाकडे जात धावतो, घड्याळावर शेवटी ४२.७ वगैरे येतं. मग घड्याळाच्या पेसवर विसंबून साडेचारचा हिशोब केलेला माणूस तीन-चार मिनिटांनी चुकतो आणि त्याला कळतच नाही कुठे गेली. म्हणून रेसमध्ये ऑटो लॅप (दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप) बंद ठेवून किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः लॅप दाबावा. फिरून पुन्हा बटणावरच येतो आपण.

पोहणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसायचं माप) लिहिलेलं पाहिजे, नुसतं आयपी ६८ बघून तलावात उतरू नका. आणि तलावाची लांबी २५ की ५० मीटर ते आधी सेट करा, घड्याळ भिंतीपाशी वळल्यावरून लांबी मोजतं, सेटिंग चुकलं तर सगळा आकडा निम्मा किंवा दुप्पट.

जिथे स्मार्टवॉच खरंच पुढे आहे

हे मी बाई म्हणून लिहितेय आणि मनापासून लिहितेय. हिवाळ्यात पहाटे पाचला मखमलाबादच्या मळ्यांकडे एकटी धावायला जाते तेव्हा मला पेसपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, काही झालं तर घरी फोन लागेल का. स्पोर्ट्स वॉचवरचं लाइव्ह लोकेशन बहुतेक वेळा फोन सोबत असेल तरच चालतं. ई-सिम असलेलं स्मार्टवॉच फोनशिवाय कॉल करतं, पडलात आणि हालचाल झाली नाही तर मदतीला फोन लावायची सोय काहींत असते. ज्या बायका-मुली एकट्या धावतात, ज्यांच्या घरी लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे, ज्यांना हृदयाचा काही इतिहास असल्यामुळे डॉक्टरांनी ईसीजी बघत राहायला सांगितलंय, त्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून स्मार्टवॉच घेतलं तरी मी बरोबरच म्हणेन. फक्त तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर नेटवर्क येतं का ते आधी फोनवर बघून या, धरणाच्या बाजूला काही वळणांवर रेंज जाते.

फोनचंही बघा. अ‍ॅपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची नवी घड्याळं आयफोनला चालत नाहीत. गार्मिन, कोरोस, पोलार, सुंतो दोन्हीकडे चालतात, उद्या फोन बदलला तरी घड्याळ बदलावं लागत नाही, घरात एकाचा आयफोन आणि एकाचा अँड्रॉइड असेल तर हे फार कामाला येतं.

आकडे किती मनावर घ्यायचे

दोन्हीकडे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज), रिकव्हरी, ट्रेनिंग लोड (व्यायामाचा एकूण ताण) असं सगळं येतं. गार्मिनमधलं बरंचसं गणित फिनलंडच्या फर्स्टबीट कंपनीचं, ती गार्मिनने २०२० मध्ये घेतली. गणित चांगलं आहे पण आत जाणारा माल चुकीचा असेल तर बाहेर येणाराही चुकीचाच, म्हणजे थंडीतला तो १७२ आत गेला की घड्याळ म्हणणार तुमचा फिटनेस घसरला. शिवाय झोन (ठोक्यांवरून ठरणारे जोराचे टप्पे) काढायला बरीच घड्याळं सुरुवातीला २२० वजा वय हा साधा फॉर्म्युला धरतात, तो सरासरीचा आहे, एकेका माणसाला दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकतो. आमच्या ग्रुपमधले पन्नाशीचे एक काका कित्येक महिने झोन टू, म्हणजे आरामाचा टप्पा, म्हणून चालतच होते कारण घड्याळाने त्यांचा मॅक्स १७० धरलेला, आणि पांडवलेणीच्या चढावर पट्टा लावून जोरात गेले तेव्हा १८४ दिसला. तो आकडा हाताने भरला आणि मग कुठे त्यांचं धावणं सुरू झालं. असा जोर लावायच्या आधी, चाळिशीच्या पुढचे असाल तर, डॉक्टरांकडे एकदा जाऊन या.

मी रोजचा आकडा बघत नाही, महिन्याची रेघ बघते. रेघ वर चाललीय की खाली, एवढंच.

मग रविवारी हे करा

मित्राकडून एक स्मार्टवॉच आणि एक स्पोर्ट्स वॉच उसनं आणा, ग्रुपमध्ये विचारलंत तर कुणीही देतं. दोन्ही रात्री पूर्ण चार्ज करा. सकाळी दोन्ही हातांत बांधा, जमल्यास छातीला पट्टा लावून तो फोनच्या अ‍ॅपला जोडा. आधी ट्रॅकवर आतल्या लेनमधून पाच राऊंड म्हणजे २ किलोमीटर, प्रत्येक राऊंडला दोन्हीवर लॅप दाबायचा. मग ४०० चे चार जोरात, मध्ये चालत, आणि प्रत्येक चारशेच्या शेवटी पट्ट्याचा आणि दोन्ही घड्याळांचा हार्ट रेट बघून घ्यायचा. मग बाटलीतलं पाणी दोन्ही घड्याळांवर ओता आणि परत एक राऊंड. मग नेहमीच्या रस्त्याने तासभर धावा किंवा सायकल चालवा, निघताना आणि परत आल्यावर बॅटरी किती टक्के ते लिहा, एका तासाला किती गेली ते कळलं की तुमच्या इव्हेंटला पुरेल का ते सरळ भागाकाराने निघतं. परत येताना मिसळ खायला थांबाल तेव्हा दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा. सोमवारी दोन्ही ऑफिसला घालून जा, आळीपाळीने, आणि कुठलं काढून ठेवावंसं वाटतं ते बघा, जाड घड्याळ शर्टाच्या बाहीत अडकतं, झोपताना टोचतं, आणि ते दुकानात कळत नाही.

जुनं विकत घेणार असाल तर हीच तासाची बॅटरी टेस्ट करून मगच पैसे द्या, आणि बटणं सगळी दाबून बघा, घामाने अडकलेली बटणं फोटोत दिसत नाहीत. नवीन घेताना बिल, वॉरंटी कार्ड आणि बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवणार, किती दिवस लागणार हे दुकानदाराकडून लिहून घ्या. चार्जिंगची वायर त्या त्या कंपनीची वेगळी असते, जास्तीची एक त्याच दिवशी घेऊन टाका आणि एक इव्हेंटच्या बॅगेत कायमची ठेवा.

घड्याळ घरी आलं की पहिल्या संध्याकाळी नोटिफिकेशन सगळी बंद करून फक्त घरच्यांचे कॉल चालू ठेवा, धावतानाच्या स्क्रीनवर तीनच आकडे ठेवा, लॅप पेस, लॅपचं अंतर आणि हार्ट रेट, अक्षर मोठं. स्ट्राव्हा किंवा जे अ‍ॅप वापरता त्याला जोडा आणि एक छोटा रन करून तो तिकडे पोचतो का बघा. आणि पहिले दोन आठवडे ती वही बंद करू नका, रोज रन झाल्यावर घड्याळ बघायच्या आधी लिहा की आज किती धावले असं वाटलं, किती जोर लागला दहापैकी, मग घड्याळ बघा आणि शेजारी त्याचा आकडा लिहा.